नळ जवळ की डबा?

भाऊजी : वहिनी, रागावणार नसाल तर सांगतो. तुमचा तो निळा डबा मी काल उघडून बघितला. सर्दीच्या गोळ्या तीन कंपन्यांच्या. खोकल्याच्या औषधाची बाटली, तिचं बूच साखरेने असं घट्ट बसलंय की पकड लागेल. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर, त्यातल्या सेलमधून पांढरी पूड बाहेर आलेली. आणि एका स्ट्रिपचा तुकडा, सहा गोळ्यांचा. दुकानदाराने तो असा कापलाय की नावातली शेवटची दोन अक्षरं उरली आणि तारीख त्याच्या कात्रीबरोबर गेली. ती गोळी तापाची की पोटाची, मला कळलं नाही. पण माझी तक्रार तारखेची नाहीच. जुनी औषधं काय, एका रविवारी बसून निवडता येतात. माझं म्हणणं असं, की असा डबा घरात असला की आपण तयार आहोत असं वाटायला लागतं. ते वाटणंच मला धोक्याचं दिसतं.

वहिनी : गोळी पोटाची आहे. म्हणजे, बहुतेक. बरं, तो गुण तुम्हाला दिला. हल्ली मी मेडिकलवाल्याला सांगते, तारखेच्या बाजूच्या गोळ्या मला दे. तो कुरकुरतो, पण देतो. मात्र तुम्ही जे बघितलंत ते प्रथमोपचाराचं सामान नव्हेच. ती घरातली उरलीसुरली औषधं. आजार संपतो, गोळ्या उरतात, टाकवत नाहीत, आणि डब्यात येऊन पडतात. शिळ्या पोळीचा कुस्करा तरी होतो, यांचं काहीच होत नाही. त्यांच्या खाली काय होतं ते बघितलंत का? निर्जंतुक गॉजची पाकिटं, चार इंची क्रेप बँडेज, कागदी चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोज्यांचे दोन जोड, त्रिकोणी कापड, सेफ्टी पिना. यातलं काही पोटात जात नाही. ज्याला मी डबा म्हणते तो हा.

भाऊजी : खाली होतं, तिथेच तर घोडं अडतं. वर पसारा असला की खालचं सामान असून नसल्यासारखं. मागच्या दिवाळीत काय झालं आठवा. चकल्या तळताना तेल उडालं, तुमचं मनगट भाजलं. दादा धावला तो डब्याकडे. डबा माळ्यावर. स्टूल बाल्कनीत, त्यावर आकाशकंदिलाचं खोकं. डबा खाली येईपर्यंत आईने टूथपेस्ट आणली, शेजारच्या काकूंनी बर्फ. एवढा वेळ तुम्ही हात धरून उभ्या, आणि सिंकचा नळ तुमच्यापासून दीड हातावर. भाजल्यावरचा पहिला उपचार म्हणजे साधं वाहतं पाणी, तेही वीस मिनिटं. बर्फ नाही, पेस्ट नाही, तूप नाही, हळद नाही. बर्फाने आधीच दुखावलेली कातडी आणखी दुखावते. पेस्ट लावली तर डॉक्टरला आधी ती धुऊन काढावी लागते, मग जखम दिसते. त्या दिवशी घरात डबाच नसता तर दादा कदाचित नळाकडे वळला असता. डबा होता, म्हणून नळ कोणाला दिसला नाही.

वहिनी : डाग अजून आहे, हा बघा. आणि तुम्हाला माहीत नाही ते सांगते. नंतर मी त्यावर कापूस ठेवून पट्टी बांधली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर चिमट्याने एकेक तंतू उपटत होते आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधले आकडे मोजत होते. उघड्या जखमेवर कापूस कधी ठेवू नये हे त्या दिवशी कळलं. गॉज हवं, किंवा धुतलेलं सुती फडकं तरी. पण भाऊजी, यातून डबा नको असं निघत नाही. डबा माळ्यावर नको, एवढंच निघतं. आता तो स्वयंपाकघराच्या दाराशी फळीवर आहे. शेगडीपासून लांब, आणि पोरांचा हात पोचणार नाही इतका वर. बरेच लोक बाथरूममध्ये आरशामागे ठेवतात, तिथे ओल. पावसाळ्यात चिकटपट्टीचा डिंक सुटतो, गोळ्या मऊ पडतात. आणि आता झाकणाच्या आतल्या बाजूला मी कागद लावलाय. भाजलं : आधी नळ, घड्याळ बघून वीस मिनिटं. रक्त : दाबून धरा, दहा मिनिटं मध्ये उचलून बघू नका. नाकातून रक्त : मान पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत. कुत्रा चावला : साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, लस त्याच दिवशी. तेव्हा डबा नळाला लपवत नाही, आता तोच नळाकडे पाठवतो.

भाऊजी : म्हणजे झाकण उपयोगी, डबा नाही.

वहिनी : थट्टा करा. पण ही युक्ती काही माझी नव्हे. एस्मार्क नावाचा एक जर्मन शल्यविशारद होता, एकोणिसाव्या शतकातला, सैन्यात काम केलेला. त्याने त्रिकोणी कापडावरच चित्रं छापून घेतली : डोक्याला असं बांधा, कोपराला असं, हात गळ्यात असा अडकवा. शिपाई जखमी झाला तर शेजारचा शिपाई कापड उलगडणार आणि त्यातच बघून बांधणार. वस्तू आणि ती वापरायची अक्कल एकाच घडीत. डब्याने हे करावं असं मला वाटतं. तुम्ही दोन्ही वेगळं धरून चाललाय.

भाऊजी : वेगळंच आहे ते. हृदय बंद पडलं तर तुमच्या डब्यातलं काय कामाला येतं? काहीच नाही. तिथे फक्त दोन तळहात, छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल. तेही चित्रात बघून जमत नाही, एकदा तरी पुतळ्यावर दाबून बघावं लागतं. किती घरांत कोणी दाबून बघितलंय? आमच्या ऑफिसात भिंतीवर लाल फुलीची पेटी आहे, किल्ली ॲडमिनच्या ड्रॉवरमध्ये, आणि ॲडमिनवाला शनिवारी नसतो. लोकांना वस्तू आवडते, वहिनी. वस्तू विकत मिळते. सरावाला वेळ काढावा लागतो. दुसरी गोष्ट, आपण शहरात राहतो. खाली डॉक्टर, कोपऱ्यावर मेडिकल, फोन केला की १०८ ची गाडी. इथे या सगळ्या जय्यत तयारीचं काय अडलंय? मी उद्या घर मांडलं तर चिकटपट्ट्या, एक क्रेप बँडेज आणि थर्मामीटर एवढंच ठेवीन. थर्मामीटरसुद्धा सेल तपासून.

वहिनी : इथे तुमचं निम्मं पटतं. शहरातल्या घराला फार लागत नाही. पण खालचा डॉक्टर रात्री साडेनऊला शटर ओढतो. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांमध्ये मोजा, आणि ती मिनिटं घड्याळाप्रमाणे बदलतात. प्रथमोपचाराच्या पेट्या बाजारात आल्या त्याच मुळी अंतरापायी. अमेरिकेत डोंगराळ मुलखात रेल्वेचं काम चाललेलं, मजुरांना इजा व्हायच्या आणि डॉक्टर कैक मैल लांब. म्हणून १८८८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने रेल्वेसाठी तयार पेट्या काढल्या. म्हणून कोणी मला विचारलं की डब्यात काय ठेवू, तर मी आधी विचारते, मदत यायला किती वेळ लागेल? पाच मिनिटं असतील तर तुमची यादी पुरे. दीड तास असेल तर माझी बघा.

भाऊजी : आणि दीड तास कुठे लागतो म्हणता?

वहिनी : आंबा घाटात. तीन वर्षांमागे रत्नागिरीला निघालो होतो, तुम्ही नव्हता. छोटीला गाडी लागते हे माहीत होतं, पण गोळी निघण्याआधी द्यायची ती द्यायची राहिली. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर. त्यात आदल्या दिवशी बाहेरचं खाल्लेलं बाधलं, जुलाब सुरू. रात्रीचे अकरा, धुकं, पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा दिसेनात. पोर मलूल पडली, ओठ कोरडे. पिशवीत ओआरएसची दोन पाकिटं होती आणि एक लिटरची पाण्याची बाटली. बाटलीत पाकीट रिकामं केलं आणि दर मिनिटाला एक चमचा, एवढंच करत साखरप्यापर्यंत आलो. मध्ये एकदा उलटी झाली. दहा मिनिटं थांबले आणि पुन्हा चमचा सुरू. पहाटे डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, पाणी चांगलं टिकवलंत, सलाईन लागणार नाही. त्या रात्री मला कोणी सांगितलं असतं की वस्तूंवर लोकांचा उगाच विश्वास असतो, तर मी त्याला गाडीतून उतरवलं असतं.

भाऊजी : ही हकीकत दादाने मला सांगितलीच नाही.

वहिनी : ते गाडी चालवत होते. त्यांना फक्त धुकं आठवतं.

भाऊजी : ठीक. पण ओआरएस हे तुमच्या बाजूचं सगळ्यात बळकट उदाहरण आहे, म्हणून त्यावरच बोलू. पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच घालायचं, हे तुम्हाला माहीत होतं. कितीतरी लोक अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट घालतात, नाहीतर चिमूटभर काढून उरलेल्याला गाठ मारून ठेवतात. दाट झालं तर पोटात आणखी पाणी ओढलं जातं, पोराला उलट त्रास. शिवाय दुकानातल्या गोड टेट्रापॅकांना लोक ओआरएसच समजत आले. खऱ्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असतं, एका लिटरसाठी साडेवीस ग्रॅम पूड. ते वाचणारा डोळा हवा. तेव्हा घाटात पाकिटाने काम केलं की तुम्ही केलंत?

वहिनी : दोघांनी. आणि मला एकटीला श्रेय देऊन पाकिटाला बाद करू नका, कारण त्या पाकिटाचा इतिहास तुमच्या विरुद्ध जातो. १९७१, बांगलादेशातून आलेले निर्वासित, बनगावच्या छावणीत कॉलरा. सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या, नर्स थोड्या, माणसं जमिनीवर. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या करून घेतल्या, पिंपात पाणी कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. पाजा म्हणाले. आईने पोराला पाजलं, भावाने भावाला. मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. कित्येक डॉक्टरांना तेव्हा हे पटलं नव्हतं. अडाण्यांच्या हातात उपचार कसा द्यायचा, असंच त्यांचंही म्हणणं. तुमच्यासारखंच. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. माझा डबा म्हणजे त्याच पेल्याची घरगुती आवृत्ती समजा.

भाऊजी : सुंदर. मग मी महाडला जातो. तुमचं माहेरच तिकडचं, तुम्हाला जास्त माहिती. कोकणातला लाल विंचू. पूर्वी पोरं दगावायची, फुप्फुसांत पाणी भरून. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या ठिकाणी राहून, रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून, प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी यावर चालते हे दाखवलं. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. गोळी स्वस्त आहे, टिकते, तोंडाने घेता येते. तुमच्या हिशेबाने तीही डब्यात हवी. ठेवाल?

वहिनी : नाही.

भाऊजी : का नाही? अंतर आहे, वेळ आहे, गोळी आहे.

वहिनी : कारण ती कोणाला, केव्हा, किती हे मला कळत नाही. सगळ्याच दंशांना ती लागत नाही. नुसतं दुखणं असेल तर उपयोग नाही. आणि रक्तदाब उतरतो, पोर उभं राहिलं तर कोसळायचं. माहेरी आम्ही विंचवाला काय करायचो तर चुना. आजीच्या बटव्यात वेखंड, सुंठ, बाळहिरडा, जायफळ, आणि चुन्याची डबी. बाळाचं पोट दुखलं तर आजी देव होती. विंचू चावला की तीच आजी चुना लावून मांत्रिकाची वाट बघायची. आम्हा मुलींना तेव्हा दोन्हींत फरकच दिसत नव्हता. आजी एकच होती ना.

भाऊजी : हेच मला म्हणायचंय. ओआरएस नातेवाइकांच्या हातात देता येतं, कारण चुकलं तरी सहसा जीव जात नाही. प्राझोसिन देता येत नाही. सापाचंही तसंच : घट्ट दोरी नको, ब्लेडने चिरायचं नको, तोंडाने ओढायचं नको. अवयव हलू न देता, न चालवता, प्रतिविष असेल अशा रुग्णालयात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते डब्यात बसत नाही. पिशवीतली दोरी आणि ब्लेड ही वस्तू म्हणून निरुपद्रवी. पण माणूस घाबरला की हातात आलेली वस्तू वापरतो. म्हणून डब्यात काय नाही, यालाही माझ्या लेखी किंमत आहे.

वहिनी : हे मी लिहून ठेवते. पण मग रेघ कुठे ओढायची ते सांगा. पॅरासिटामॉल?

भाऊजी : ठेवा. पण सर्दीच्या त्या तीन कंपन्यांच्या गोळ्यांवरची बारीक अक्षरं वाचलीत का? तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. तापासाठी वेगळी, सर्दीसाठी वेगळी, असं करत माणूस नकळत दुप्पट घेतो. धडधाकट मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही, यकृतावर येतं. आणि पावसाळ्यात ताप आला तर दुसरी कुठलीही वेदनाशामक नको, डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर आजच टाका.

वहिनी : टाकल्या. ॲस्पिरिन?

भाऊजी : नाही.

वहिनी : छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात जड झाला, आणि गाडी यायला पाऊण तास आहे. एक गोळी चावून खायला द्यायची. जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात.

भाऊजी : तज्ज्ञ सांगतात, आणि तेच सांगतात की आधी फोन करा. पोटात व्रण असेल, मेंदूत रक्तस्राव असेल, डेंगीचा ताप असेल, तर तीच गोळी घात करते. परवा आमच्या मजल्यावर एका आजोबांना नुसती चक्कर आली. तीन शेजारी तीन गोळ्या घेऊन आले. एकाने जिभेखालची सॉर्बिट्रेट सरकवली, कारण व्हॉट्सॲपवर तीन गोळ्यांचा संच फिरतोय. रक्तदाब आधीच खाली होता, आणखी उतरला, आजोबा बेशुद्ध. हळूहळू सावरले, पण त्यांना मुळात भूक लागली होती. मधुमेही माणूस, इन्शुलिन घेऊन जेवण टळलेलं. शुद्धीवर होते तोवर तीन चमचे साखर पाण्यातून दिली असती तर काम झालं असतं. साखरेचा डबा सगळ्यांच्या घरात होता.

वहिनी : म्हणून ॲस्पिरिन काढून टाकायची? मी असं म्हणते, ठेवायची, पण वेगळ्या लिफाफ्यात. लिफाफ्यावर लिहायचं : आधी १०८, पलीकडून हो म्हणाले तरच फोडा. गोळी घरात नसेल तर त्यांनी हो म्हणून काय उपयोग?

भाऊजी : लिफाफा फोडायला किती ताकद लागते?

वहिनी : तुमचा माणसांवर विश्वासच नाही.

भाऊजी : घाबरलेल्या माणसांवर नाही. आणि घाबरलेल्यांत मी पहिला.

(इथे लिहिणाऱ्याने कबूल करावं हे बरं : लिफाफ्याच्या बाबतीत माझं मत दोनदा बदललं. सध्या मी वहिनींच्या बाजूला आहे, पण माझ्या घरात तो लिफाफा नाही.)

वहिनी : बरं, प्रवासाचं बोलू. गाडीत वेगळी पिशवी ठेवते, पण औषधं गाडीत सोडत नाही. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. कापड, पट्ट्या, हातमोजे, टॉर्च गाडीत. गोळ्या खांद्याच्या पिशवीत. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवसांच्या जास्त, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. ताई दुबईला गेल्या तेव्हा कफ सिरप काढून ठेवायला लावलं. कोडीन, ट्रामाडॉल असलेलं औषध तिथे परवानगीवाचून नेलं तर औषध राहतं बाजूला, पोलिसांना उत्तरं द्यावी लागतात. आणि हातमोजे कशाला म्हणून दादा हसतात. ते आपल्यासाठी नाहीतच. रस्त्यात दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर त्याच्या रक्ताला हात लावताना मनात भीती नको.

भाऊजी : आणि पोलिसांच्या चौकशीची भीती?

वहिनी : ती कायद्याने काढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ कलम आलं. नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. हे किती जणांना ठाऊक आहे? त्या कलमाचा कागद गाडीच्या पिशवीत आहे. घ्या, तुमचं ज्ञान आणि माझी पिशवी.

भाऊजी : पिशवीचं मान्य. आता एकच विचारतो. घाटात त्या रात्री पोर आजारी पडली आणि तुम्ही शुद्धीवर होता. तुम्हालाच काही झालं असतं तर? दादाला पाकीट कुठल्या कप्प्यात आहे हे माहीत होतं का?

वहिनी : …नाही.

भाऊजी : तारखा तुम्हाला पाठ, कप्पे तुम्हाला पाठ. अख्ख्या घराचा प्रथमोपचार एका माणसावर उभा, आणि सगळ्यात जास्त भाजण्या-कापण्याच्या जागी उभं राहणारंही तेच माणूस. चिकटपट्टी मुळात निघाली ती कशी? अर्ल डिक्सन नावाच्या माणसाची बायको स्वयंपाकघरात सारखी बोट कापून घ्यायची, भाजून घ्यायची. त्याने १९२० मध्ये चिकटपट्टीवर गॉजचे तुकडे आधीच लावून ठेवले, का? तर ती घरात एकटी असताना तिला एका हाताने लावता यावी म्हणून. तुमच्या डब्यातलं किती सामान एका हाताने उघडतं?

वहिनी : झाकणच उघडत नाही एका हाताने. कडी घट्ट आहे.

भाऊजी : कडी मी बदलून देतो.

वहिनी : कडी बदला. आणि पुढच्या रविवारी दादांना आणि तुम्हाला, दोघांनाही बसवते. इकडे या, आत्ताच घ्या हे क्रेप बँडेज. माझा घोटा मुरगळलाय असं धरा. कुठून सुरू करणार?

भाऊजी : घोट्यापासून?

वहिनी : बोटांच्या मागून. पावलावरून दोन वेढे, मग टाचेवरून आठच्या आकड्यासारखं वर. इतकं ओढू नका. बोटं उघडी ठेवा.

भाऊजी : उघडी कशाला?

वहिनी : निळी पडली तर दिसावीत म्हणून. नखावर दाबून सोडा, गुलाबी परत आलं पाहिजे. आलं?

भाऊजी : आलं. सुटतंय पण हे. पिन कुठे आहे?

वहिनी : डब्यात. डाव्या हाताला, लिफाफ्याच्या खाली.

भाऊजी : हा लिफाफा मी जाताना घेऊन जाणार आहे.

वहिनी : न्या. मी दुसरा करून ठेवीन.